मदत हवी आहे: लव्हेंडरचं तेल आंबूस निघतंय, आणि तेल व अर्क यांचे गुण सारखेच का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. चोपड्याकडे रोशा गवताचं तेल काढायची छोटी भट्टी आहे. त्याच भट्टीत जम्मूतल्या भद्रवाहहून मागवलेली लव्हेंडरची सुकी फुलं लावली. २ किलो फुलं पाण्यात बुडवून ३ तास उकळली. तेल जेमतेम १० मिली आलं आणि वासाला आंबूस झाक आहे. कुठे चुकतंय? फुलं नुसती खोबरेल तेलात मुरवली तर तेच गुण उतरतात का? गिऱ्हाइकं विचारतात, झोपेसाठी दोन थेंब दुधातून घेऊ का, त्यांना काय सांगू? आणि यावल-रावेरकडे लागवड जमेल का?

गंधसार
भाऊ, फुलं पाण्यात बुडवलीत तिथेच घोळ झाला. या तेलाचे दोन मुख्य घटक म्हणजे लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. दुसरा एस्टर आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग. तो उकळत्या पाण्यात फार वेळ राहिला की फुटतो आणि त्यातून लिनालूल व ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, तयार होतं. गोडसर वास गेला आणि आंबूसपणा आला तो यामुळे. रोशाच्या तेलात साधारण ७५ ते ८५ टक्के जिरॅनिऑल असतं, एस्टर थोडाच, म्हणून तिथे ही पद्धत खपून जाते.

भट्टीत पाण्याच्या वर चार बोटं अंतर सोडून स्टीलची भोकाची जाळी बसवा आणि फुलं तिच्यावर सैल पसरा. दाबून भरली तर वाफ एकाच वाटेने निघते आणि कडेची फुलं कोरडीच राहतात. फुलं दळू नका. तेलाच्या ग्रंथी पुष्पकोशाच्या खाचांमध्ये, अगदी बाहेरच्या अंगाला असतात. फूल बोटांत चुरलं की लगेच वास सुटतो तो त्यामुळेच. दळल्यावर तेल भट्टीत जायच्या आधीच उडतं. वाफ धरल्यापासून तास-सव्वा तासात थांबा.

आता उताऱ्याचं. युरोपीय औषधकोशाच्या मापाने चांगल्या सुक्या फुलात किलोमागे किमान १३ मिली तेल हवं, म्हणजे तुमच्या २ किलोत २६ मिली. लिनालूल पाण्यात लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं. ३ तासांत आठ-दहा लिटर पाणी उतरलं असेल तर बरंच लिनालूल त्या पाण्यातच आहे. ते फेकू नका, पुढच्या वेळी भट्टीत तेच पाणी घाला. दुसरी गळती कंडेन्सरची, म्हणजे वाफ गार करणाऱ्या नळीची. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं, त्यात नळी गार राहत नाही आणि वास हवेत जातो. पहाटे भट्टी लावा किंवा टाकीत बर्फ टाका. नळीच्या तोंडाशी हात धरून पाहा. उतरणारं पाणी गरम लागलं तर जाळ कमी करा.

एवढं करूनही तेल १३-१४ मिलीच्या आत राहिलं तर फुलं जुनी आहेत.

कषाय
अर्काबद्दल, म्हणजे फुलं स्पिरिटसारख्या द्रवात मुरवून काढतात त्याबद्दल सांगतो, कारण बाजारात इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. वाफेबरोबर फक्त उडणारे घटक येतात. रोझमॅरिनिक आम्ल, फ्लेव्होनॉइड आणि अर्सोलिक आम्ल भट्टीतच राहतात. प्रयोगशाळेत लव्हेंडरच्या अर्काचे अँटिऑक्सिडंट गुण दिसतात ते मुख्यतः रोझमॅरिनिक आम्लासारख्या फेनॉलिक घटकांमुळे. शांत वाटण्यावरचा अभ्यास बहुतेक तेलावर झालेला आहे. तेलाचा गुण अर्काच्या बाटलीवर छापू नका, आणि उलटही नको.

खोबरेल तेलात सुगंधी तेलाचा काही भाग उतरतो, रोझमॅरिनिक आम्ल जवळजवळ नाही, कारण ते पाण्याकडे ओढ असलेलं आहे. त्यासाठी ७० टक्के इथेनॉल, म्हणजे स्पिरिट लागतं: १०० ग्रॅम भरड फुलांना ५०० मिली, बंद काचेच्या बरणीत ७ दिवस, रोज हलवून, मग पिळून गाळून घ्यायचं. स्पिरिटला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. रंगकामाचं स्पिरिट अजिबात वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं. परवाना नसेल तर ७० भाग ग्लिसरीन आणि ३० भाग पाणी घ्या. अर्क फिकट निघेल, पण टिकेल. साधा काढा आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी बिघडतो.

तापीकाठ
दादा, तेल शुद्ध आहे हे कसं ओळखायचं? आणि ते दुधाचं राहिलं.

कषाय
नाकावर भरवसा नको. फार्मसी कॉलेजात तेलाचा थेंब सिलिका प्लेटवर (घटक वेगळे करणारी पातळ थराची पट्टी) टोल्यूईन-इथाइल ॲसिटेट ९५:५ च्या द्रावणात चालवून ॲनिसाल्डिहाइड फवारलं की खाली लिनालूल, वर लिनालिल ॲसिटेट असे दोन डाग दिसतात. वरचा डाग फिका असेल तर एस्टर फुटलाय. आकडे हवे असतील तर जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, घटकांची टक्केवारी मोजणारी चाचणी) करून घ्या. लिनालूल २० ते ४५ टक्के, लिनालिल ॲसिटेट २५ ते ४७, कापूर १.२ च्या आत. कापूर सहा-सात टक्के आला तर ते लॅव्हंडिन, म्हणजे संकरित जातीचं तेल.

दुधातून घ्यायला स्पष्ट नाही म्हणा. चिंतेवर ज्याच्या चाचण्या झाल्या ते जर्मनीतलं सिलेक्सान म्हणजे प्रमाणित तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल. भट्टीतल्या तेलाच्या थेंबात किती काय आहे ते मोजलेलं नसतं, तेल दुधात मिसळतही नाही, वर तरंगून घशाला जाळतं. झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. अंगाला लावायचं तर १०० मिली तिळाच्या तेलात २ मिली, आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहायचं. लेबलवर 'निद्रानाशावर औषध' लिहिलं की औषधाचा परवाना लागतो.

गंधसार
साठवणुकीचं एक राहिलं. लिनालूल हवेने हळूहळू ऑक्सिडाइज होतं, आणि त्यातून बनणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी देतात. अर्धी रिकामी बाटली पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट. गडद तपकिरी काचेच्या लहान बाटल्या गळ्यापर्यंत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

लागवडीच्या मागे लागू नका. या जातीला थंडी आणि निचऱ्याची जमीन हवी. यावल-रावेरची काळी जमीन, वर ४४-४५ अंशांचा मे, झाड जळतं नाहीतर पावसाळ्यात मूळकुजीने जातं. फुलं भद्रवाहहूनच आणा, फक्त त्याच हंगामातली आहेत का ते विचारून घ्या.