खरेदीदाराचा लेखी करार आणि आमचा छोटू

छोटू (न्यू जर्सी) : आत्या, घरांच्या खरेदी-विक्रीच्या एजंटचा परवाना गेल्या आठवड्यात हातात आला. परंतु ज्या ब्रोकरकडे मी रुजू झालो आहे, तेथील जुनी मंडळी म्हणतात की 17 ऑगस्ट 2024 पासून नियम बदलल्यामुळे खरेदीदाराच्या बाजूने काम करण्यात राम उरलेला नाही. हे खरे आहे का?

अण्णाकाका (पुणे) : आधी नियम काय आहेत, ते आम्हालाही कळू द्या.

आत्या (एडिसन) : अण्णा, इकडे घर विकणारा साधारणतः पाच ते सहा टक्के दलाली देत असे आणि त्यातील किती वाटा खरेदीदाराच्या एजंटाला मिळेल, हे एमएलएस या एजंटांच्या सामायिक यादीत आधीच नोंदलेले असे. त्यामुळे आपला एजंट फुकट राबतो, अशी खरेदीदाराची समजूत होई. ऑक्टोबर 2023 मध्ये कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध कौल दिला आणि मार्च 2024 मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 41.8 कोटी डॉलर देण्याचे कबूल करून तडजोड केली. आता तो वाटा यादीत नोंदवता येत नाही आणि घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो, ज्यात मोबदल्याचा नेमका दर किंवा आकडा लिहावा लागतो.

छोटू, जुन्या पद्धतीत मी कित्येक शनिवार-रविवार लोकांना गाडीतून घरे दाखवत फिरले आणि शेवटी त्यांनी दुसऱ्याच एजंटामार्फत घर घेतले. तेव्हा माझ्या हातात कागदाचा कपटाही नव्हता. आज तो कागद नियमानेच मागितलेला असल्यामुळे पैशांचा विषय काढताना संकोच वाटण्याचे कारण राहिलेले नाही, आणि आपल्या लोकांत तर तो संकोच फारच असतो. ‘घरच्या माणसाकडून फी घेणार का?’ हा प्रश्न मला दर गणपतीला ऐकावा लागतो.

वहिनी (डॅलस) : आत्या, खरेदीदार म्हणून सांगते, पहिल्याच भेटीत सहा महिन्यांच्या करारावर सही मागितली तर मी निघून जाईन.

आत्या (एडिसन) : अगदी बरोबर, म्हणूनच दारात उभे राहून कागद पुढे करू नये. आधी व्हिडिओ कॉलवर बसून आपण काय करणार ते सांगावे : अंगणात घर तापवण्याच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली आहे का याची तपासणी करवणे, न्यू जर्सीत वकिलांना मिळणाऱ्या तीन कामकाजी दिवसांच्या मुदतीत अटी सुधारून घेणे, घरतपासणीनंतर दुरुस्तीसाठी घासाघीस करणे. मुदत आणि दर दोन्ही वाटाघाटीचे विषय असल्यामुळे सुरुवातीला एका घरापुरता किंवा आठवड्यापुरता करार करता येतो. काम पटले की पुढचा करार ग्राहक स्वतःच मागतो.

अण्णाकाका (पुणे) : आमच्याकडे महारेरा या राज्याच्या गृहनिर्माण नियामकाने एजंटांना परीक्षा लावली, पण दलाली बहुधा तोंडीच ठरते. विकणाऱ्याने काहीच दिले नाही तर काय?

आत्या (एडिसन) : सहा लाख डॉलरचे घर आणि करारात दोन टक्के, म्हणजे बारा हजार डॉलर, असे समजा. विकणारा नऊ हजार देण्यास तयार असेल, तर उरलेले तीन हजार खरेदीदाराने द्यायचे, किंवा तेही विकणाऱ्याने द्यावेत अशी मागणी ऑफरमध्येच घालायची. त्याने पंधरा हजार देऊ केले, तरी एजंटाने बारापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. ही मर्यादा ग्राहकाला आपण होऊन दाखवावी, कारण विकणारा जास्त दलाली देतो म्हणून ते घर गळ्यात मारून आपला लाभ वाढत नाही, हे त्याला तेथेच उमगते. मला आलेले निम्मे नवे ग्राहक असल्या बोलण्यामुळेच जुन्यांनी पाठवलेले आहेत.

छोटू (न्यू जर्सी) : येत्या रविवारी एका मित्राला ओपन हाउस, म्हणजे ठरावीक वेळी सर्वांना पाहण्यासाठी खुले ठेवलेले विक्रीचे घर, पाहायचे आहे. त्याच्याकडून आधी सही घ्यावी लागेल का?

आत्या (एडिसन) : तो एकटाच जाणार असेल तर नाही; तू सोबत घेऊन जाणार असशील तर हो. करारातील दराची जागा रिकामी ठेवू नकोस आणि ‘दोन ते तीन टक्के’ असेही लिहू नकोस, कारण तसे चालत नाही. मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव.