मदत हवी आहे: नकाशावरची आमची पाखाडी तो परत परत रस्ता करून ठेवतोय

वरचीवाडी
तिसऱ्यांदा झालं. मी पायऱ्यांची वाट म्हणून दुरुस्त करतो, दोन दिवसांत तो पुन्हा रस्ता करून ठेवतो. कॉमेंट टाकली तर उलट मलाच म्हणतो पुरावा द्या. याला ब्लॉक कसं करायचं, किंवा माझी दुरुस्ती लॉक कशी करायची, एवढंच सांगा. गणपतीच्या आत व्हायला हवं.

सड्यावरून
कुठला नकाशा? कुठलं गाव? तो म्हणजे कोण?

हर्णै_होमस्टे
गूगलवर असेल तर ठिकाणावर बोट दाबून धरा, बदल सुचवा, दोन-तीन ओळखीच्यांनाही सुचवायला सांगा. माझ्या होमस्टेची पिन चार महिने खाडीत होती. पाहुणे फोन करून वैतागायचे. शेवटी असंच झालं.

वरचीवाडी
गूगल नाही हो, ओपनस्ट्रीटमॅप, लोकच मिळून काढतात तो नकाशा. गाव गुहागर तालुक्यात. तो मुंबईचा कोणी असावा. गेल्या गणपतीत रात्री साडेअकराला एक चाकरमानी कुटुंब ॲपने दाखवलं म्हणून गाडी घेऊन आत शिरलं. दोन्ही बाजूंनी दगडी गडगा, पुढ्यात पहिली पायरी, जांभ्यावर शेवाळ. दार उघडायला जागा नाही. आम्ही चौघांनी बॅटऱ्या धरून गाडी इंच इंच मागे घेतली. मागच्या सीटवर एक म्हाताऱ्या बाई पिशवी छातीशी धरून रडत होत्या. आता सांगा, मी चिडू नको?

कोडवाला_चिपळूण
चिडणं समजलं. पण तुम्ही कॉमेंट काय टाकलीत? जशीच्या तशी इथे द्या.

वरचीवाडी
"मुंबईत पंख्याखाली बसून कोकण आखू नका. अक्कल असेल तर येऊन चढून दाखवा." खोटं काय आहे त्यात?

जुनी_मॅपर
दादा, तिथे लॉक नसतो, कोणालाच नाही. 2004 पासून तो नकाशा असाच चाललाय, ज्याला माहीत आहे त्याने दुरुस्त करावं. आणि ही कॉमेंट आता तुम्हाला पुसताही येणार नाही, जगाला दिसते. भांडण डेटा वर्किंग ग्रुपकडे, म्हणजे तिथले वाद सोडवणाऱ्या गटाकडे नेलंत तर ते दोघांचंही वाचतील, आणि तुमचं हे वाक्य त्यांना सगळ्यात आधी खटकेल. गाडी अडकल्याचं त्याला सांगितलंत का?

वरचीवाडी
नाही. सांगायचं काय, पाखाडी म्हणजे पायऱ्या हे कळत नाही का माणसाला?

मालवणी_दर्या
नाही कळत. आमच्याकडे घाटी म्हणतात. नावाच्या रकान्यात पाखाडी लिहिलंय का? सगळ्या पाखाड्यांना तसं लिहायला हवं, शब्द टिकेल.

जुनी_मॅपर
नावाच्या रकान्यात नावच घालायचं, वर्णन नाही. गावात त्या वाटेला खरंच काही नाव असेल तर घाला. नसेल तर 'स्टेप्स' टॅग, म्हणजे वाट पायऱ्यांची आहे ही खूण, आणि पायऱ्यांची संख्या.

सड्यावरून
माझं मत वेगळं आहे. रोज ज्याचा पाय त्या पायरीवर पडतो, त्याने कोणाला पुरावा का द्यावा? भाषा सुधारा म्हणा, पण नमतं घेऊ नका.

जुनी_मॅपर
पुरावा मागणं हा अपमान नाही. त्याच्यासमोर उपग्रहचित्र आहे, त्यात आंब्या-फणसाच्या झाडीखाली पायरी दिसत नाही. तुमच्या हातात फोन आहे. पाच फोटो काढा, काम संपलं.

कोडवाला_चिपळूण
लिनक्स ही जगभरचे लोक मिळून लिहितात ती संगणकप्रणाली, तिथे हे फार मोठ्या प्रमाणावर होत होतं. तिचा जनक लिनस टोरवाल्ड्स तांत्रिक मुद्द्यात बऱ्याचदा बरोबर असायचा, पण पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवणाऱ्यालाच झोडपायचा. सप्टेंबर 2018 मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, थोडे दिवस काम दुसऱ्याकडे दिलं, ऑक्टोबरात परत आला. त्याच सुमारास कर्नेलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, आचारसंहिताही आली. मी स्वतः कोड तपासला जाताना असं बोलणं खाल्लंय. कोड सुधारला, पण पुढचे आठ महिने तिकडे फिरकलो नाही.

सड्यावरून
ती पगारी माणसं. इथे हौसेने नकाशा काढणाऱ्याला आचारसंहिता कशाला?

कोडवाला_चिपळूण
हौसेनेच काढतो म्हणून तर. पगार नसेल तर बोलणं खाऊन कोण थांबेल?

जुनी_मॅपर
वरचीवाडी, एक विचारायचं राहिलं. डांबरी रस्त्यापासून वरपर्यंत सगळ्या पायऱ्याच आहेत ना?

वरचीवाडी
देवळापर्यंत काँक्रीट आहे, दोन वर्षांमागे झालं. तिथवर टेम्पो येतो. पुढे पायऱ्या.

जुनी_मॅपर
आणि तुम्ही नकाशावर काय काढलंत?

वरचीवाडी
खालपासून वरपर्यंत एकच रेघ ओढली होती. सगळी पायऱ्या म्हणून.

जुनी_मॅपर
मग चित्रात त्याला देवळापर्यंत गाडीचा रस्ता स्पष्ट दिसतोय, आणि तुम्ही त्याची अक्कल काढताय.

वरचीवाडी
सकाळी जाऊन आलो. पायऱ्या 64. तळाला गडग्या-गडग्यामधलं अंतर माझ्या दोन हातांत मावतं. सात फोटो काढले. उत्तर असं लिहितोय, बघा:
"देवळापर्यंतचा तुमचा रस्ता बरोबर आहे, मी चुकलो. पुढे 64 पायऱ्या आहेत, फोटो जोडले आहेत. गेल्या गणपतीत इथे रात्री एक गाडी अडकली, त्या रागात मी तुमची अक्कल काढली, त्याबद्दल माफी मागतो. पण तुम्हीही आधी विचारायला हवं होतं."

कोडवाला_चिपळूण
शेवटचं वाक्य काढा.

सड्यावरून
राहू द्या. खरंच विचारायला हवं होतं त्याने.

जुनी_मॅपर
खरं आहे, पण माफीला चिकटून ते आलं की माफी उरत नाही. वेगळ्या दिवशी विचारा. आणि रेघ देवळापाशी तोडा, खालचा भाग रस्ता, वरचा पायऱ्या.

हर्णै_होमस्टे
फोटो कुठे चढवले? मला माझ्या गेटचे टाकायचेत.

वरचीवाडी
वाक्य काढलं. रेघ तोडली. त्याने अर्ध्या तासात उत्तर दिलं, विचारतोय की देवळापाशी गाडी वळवायला जागा आहे का, असेल तर तीही दाखवू. आहे, पिंपळाच्या पाराशेजारी. संध्याकाळी मोजून कळवतो म्हटलंय.