बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर जर्मनीत एम.एस्सी. : प्रवेशासाठी नेमके काय लागते?

प्रश्न – एक पालक, यावल तालुका

माझी मुलगी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच सत्रांची सरासरी ७२ टक्के आहे. पुढचे शिक्षण जर्मनीत, इंग्रजी माध्यमातून घ्यावे अशी तिची इच्छा आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, एवढे आम्हाला ठाऊक आहे. त्यापलीकडे जेवढी माणसे भेटतात तेवढी उत्तरे मिळतात. एका सल्लागाराचे म्हणणे असे की टक्के चांगले आहेत, प्रवेश नक्की समजा, फक्त आधी रक्कम भरा. गावातील एक अभियंता मुलगा मात्र सांगतो की तीन वर्षांच्या पदवीला तिकडे कोणी विचारत नाही.

आमचे उत्पन्न केळीच्या बागेचे आहे, त्यामुळे आयकर विवरणपत्र कधी भरलेले नाही. शिवाय मुलीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी व नाव नंतर आहे, आणि पासपोर्टवर क्रम उलटा आहे. या दोन्ही गोष्टी आड येतील का? आणि ७२ टक्के पुरेसे आहेत की नाहीत, हे कोणी आकड्यांनिशी सांगू शकेल का?

उत्तर १ – अमळनेरकर, सध्या आखेन (जर्मनी)

काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सल्लागार मंडळी नेमकी तीच गोष्ट सांगत नाहीत. जर्मनीत १ ही सर्वोत्तम आणि ४ ही उत्तीर्णतेची शेवटची श्रेणी असते. आपले गुण त्या मोजपट्टीवर बसवण्यासाठी एक ठरावीक सूत्र वापरले जाते : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे किमान गुण वजा करायचे, पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे, आलेल्या संख्येला ३ ने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा. ७२ टक्के आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० धरली, तर २८ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.४ येते. हीच मर्यादा कोणी ५० धरली, तर उत्तर २.६८ येते. अनेक विद्यापीठांची अट २.५ किंवा त्याहून चांगल्या श्रेणीची असते, म्हणजे टक्केवारी तीच राहूनही एकदा मुलगी अटीच्या आत आणि एकदा बाहेर पडते. म्हणून गुणपत्रिकेची मागची बाजू, जिथे श्रेणी आणि उत्तीर्णतेचे नियम छापलेले असतात, तीही न विसरता स्कॅन करून जोडावी. आपली मुले ती कोरी समजून सोडून देतात.

तीन वर्षांची पदवी चालत नाही, हे जर्मनीच्या बाबतीत खरे नाही. तेथील स्वतःची बी.एस्सी.सुद्धा बहुधा तीन वर्षांची, १८० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) असते. अमेरिकेतील काही विद्यापीठे सोळा वर्षांच्या शिक्षणाचा आग्रह धरतात, त्यावरून ही समजूत पसरली असावी. खरी अडचण त्या १८० क्रेडिटच्या आत आहे. जर्मन विद्यार्थी पहिल्या सत्रापासून प्रामुख्याने रसायनशास्त्र, त्याला लागणारे गणित व भौतिकशास्त्र आणि प्रयोगशाळा एवढेच करतो. आपल्याकडे पहिल्या वर्षी रसायनशास्त्र हा तीन-चार विषयांपैकी एक असतो, दुसऱ्या वर्षीही सोबत इतर विषय असतात आणि तिसऱ्या वर्षी कुठे तो मुख्य विषय होतो. प्रवेश समिती तुमच्या मुलीचे पेपर एकेक करून कार्बनी, अकार्बनी, भौतिक, विश्लेषणात्मक आणि प्रात्यक्षिके अशा रकान्यांत टाकते आणि तूट मोजते. तूट थोडी असेल, तर काही विद्यापीठे अटीसह प्रवेश देऊन राहिलेले विषय तिथेच पूर्ण करायला लावतात. जास्त असेल, तर ७२ काय आणि ८५ टक्के काय, अर्ज तिथेच थांबतो.

म्हणून तिने सोबतचे विषय कोणते घेतले होते, हे कळवा. गणित आणि भौतिकशास्त्र असेल, तर बाजू बरीच भक्कम होते. वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र असेल, तर शुद्ध रसायनशास्त्रापेक्षा जैवरसायन किंवा अन्न-रसायन यांसारखे अभ्यासक्रम पाहणे शहाणपणाचे ठरेल. सहाव्या सत्रात प्रकल्प निवडण्याची मुभा असेल, तर प्रत्यक्ष प्रयोगांचा घ्यावा आणि त्याचा अहवाल नीट लिहून ठेवावा, कारण जर्मन पदवीच्या शेवटी प्रबंध असतो आणि आपल्याकडे त्याच्या जागी दाखवायला दुसरे फारसे काही नसते.

आता कागद. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र आवश्यक आहे. दिल्लीतील एपीएस कार्यालय दहावीपासूनच्या गुणपत्रिकांची सत्यता तपासते. शुल्क १८,००० रुपये आहे, आणि गर्दीच्या हंगामात वेळ बराच लागतो. त्यानंतर अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत जातात. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात, त्यामुळे अर्ज वाटेल तेवढे करू नयेत. इंग्रजीसाठी आयईएल्ट्सची ६.५ च्या आसपासची अट बऱ्याच ठिकाणी असते आणि तो निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. अभ्यासक्रमांची विश्वासार्ह यादी डीएएडीच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या जर्मन संस्थेच्या, संकेतस्थळावर मोफत पाहायला मिळते. सल्लागारही तिथूनच पाहतो.

उत्तर २ – निवृत्त परीक्षा विभाग कर्मचारी, जळगाव

नावाच्या क्रमाबद्दल काळजी करू नये. महाराष्ट्रात आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, हे कागदपत्रे तपासणाऱ्यांना चांगले माहीत असते. प्रत्येक अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरावा, एवढे पथ्य पाळावे. क्रम वेगळा असणे चालते, पण स्पेलिंग वेगळे असणे त्रासाचे होते. इंग्रजीत चौधरी, पाटील, महाजन ही आडनावे घराघरांत वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पदवीवर दुसरे असे अनेकदा निघते. दहावी-बारावीची दुरुस्ती शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जाते व तिला वेळ लागतो, म्हणून सर्व कागद आजच शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, तेही बघावे.

दुसरी सूचना अभ्यासक्रमाच्या प्रतीबद्दल. वर समितीच्या रकान्यांविषयी जे लिहिले आहे, त्यासाठी प्रत्येक पेपरचा तपशील लागतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या वर्षी लागू असलेला अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, कारण अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत शोधणे कष्टाचे होते. त्यावर महाविद्यालयाच्या प्राचार्यांची सही-शिक्का घ्यावा. विद्यापीठाकडून सर्व सत्रांचा एकत्रित गुणतक्ता, ज्याला सगळे ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, तो निकाल लागताच मागावा आणि पाकीटबंद प्रती एकापेक्षा जास्त घ्याव्यात. जाता जाता, २०१८ पूर्वी प्रवेश घेतलेल्या आणि नंतर उत्तीर्ण झालेल्यांसाठी : त्यांच्या काही गुणपत्रिकांवर केवळ उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि काहींवर नवे नाव असते. नामविस्ताराबद्दलचे विद्यापीठाचे पत्र सोबत जोडले, की पुढची विचारणा टळते.

उत्तर ३ – माजी बँक अधिकारी, धुळे

पैशाची बाजू मी सांगतो. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आगाऊ ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर सुमारे बारा लाख रुपये. हे शुल्क नव्हे. पैसे मुलीचेच राहतात आणि तिथे पोहोचल्यावर दरमहा तिच्या हाती येतात. शिक्षण शुल्क सर्वत्र माफ आहे, असेही समजू नका : बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून त्याहून बरेच जास्त शुल्क सुरू केले आहे.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्र नसणे हा काही दोष नाही, पण बँकेला परतफेडीची क्षमता कागदावर दिसावी लागते. सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि केळीच्या विक्रीच्या पावत्या यांसह खात्यातील दोन-तीन वर्षांचे व्यवहार दाखवा. व्यापाऱ्याकडून रोख घेण्याची सवय असेल, तर ती या हंगामापासून मोडा. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले, की बहुतेक सरकारी बँका तारण मागतात, आणि तिथेच आपल्या भागातील शेतकरी अडतो, कारण शेतजमीन सहसा तारण म्हणून घेत नाहीत. घर, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव लागते. पीएम विद्यालक्ष्मी योजनेचे नाव तुमच्या कानावर आले असेल, पण ती देशातील निवडक संस्थांमधील शिक्षणासाठी आहे, परदेशासाठी नाही.

उत्तर ४ – तळोद्याहून

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राच्या जनजाती कार्य मंत्रालयाची वेगळी योजना आहे. केंद्राच्या योजनेत वर्षाला २० जागा असतात. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. नंदुरबार आणि तळोदा या दोन्ही ठिकाणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत चौकशी करता येते. जातवैधता प्रमाणपत्र हाताशी नसेल, तर आधी त्याच्या मागे लागावे.

प्रश्नकर्त्याची पुढील विचारणा

सर्वांचा आभारी आहे. मुलीकडे भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही होते. सहाव्या सत्राचा निकाल जून-जुलैत लागेल. मग याच वर्षी अर्ज करावा, की जळगावला एम.एस्सी.ला नाव घालावे?

उत्तर – अमळनेरकर, सध्या आखेन

याच वर्षीची घाई करू नका, काका. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि त्याच्या अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै, तर परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक ठिकाणी त्याच्या दोन-तीन महिने आधीच संपते. निकाल, एपीएस आणि व्हिसाची भेट हे तिन्ही त्यात बसत नाही. उन्हाळी सत्र एप्रिलपासून असते, त्याची मुदत साधारण १५ जानेवारीला संपते, पण त्या सत्रात प्रवेश देणारे इंग्रजी अभ्यासक्रम कमी आहेत. तेव्हा पुढच्या वर्षीचे हिवाळी सत्र धरावे.

मधल्या वर्षात एम.एस्सी. भाग एकला प्रवेश घ्यायला माझी संमती आहे. त्या वर्षी केलेले विषय मोजायचे की नाहीत, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते, म्हणून दोन-तीन विद्यापीठांना ईमेल करून आधीच विचारावे. उत्तर बहुतेक वेळा येते आणि ते लेखी असते. प्रवेश न मिळाल्यास भाग दोन पूर्ण करून पुन्हा अर्ज करता येतो, तेव्हा विषयांची तूटही कमी झालेली असते. याच वर्षात तिने जर्मन भाषाही सुरू करावी. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी प्रयोगशाळेतील साहाय्यकाची कामे आणि घर मिळवणे दोन्ही त्यामुळे सोपे जाते. मॅक्सम्युलर भवन पुणे आणि मुंबईला आहे आणि त्याचे वर्ग ऑनलाइनही चालतात.

आयईएल्ट्स मात्र आत्ताच देऊ नये. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रानंतर, म्हणजे हिवाळ्यात द्यावी, म्हणजे पुनर्अर्जाची वेळ आली तरी निकाल मुदतीत राहील.