व्हिएन्ना आणि प्राग, सहा रात्री : दिवसाला एकच तिकीट पुरे, की यादी पुरी करायची?

रमतगमत

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं निघतोय: मी, नवरा, तेरा वर्षांचे चिरंजीव आणि अडुसष्ट वर्षांची आई. तीन रात्री व्हिएन्ना, तीन रात्री प्राग, मधे साधारण चार तासांची रेल्वे. जाताना व्हिएन्नात उतरायचं आणि परतीचं विमान प्रागहून, म्हणजे उलटं मागे यायला नको. रात्री दोन्हीकडे सारख्याच, त्यामुळे व्हिसाचा अर्ज आधी पाऊल ठेवणार त्या ऑस्ट्रियाकडे. इथवर घरात एकमत आहे.

भांडण पुढे. नवऱ्याने एक्सेल केलंय. त्यात प्रागच्या एकाच दिवसात किल्ला, चार्ल्स पूल, जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ, ज्यू वस्ती, पेत्रशीनचा मनोरा आणि रात्री नदीत बोट. ओळींना रंग दिलेत. जेवायला पस्तीस मिनिटं.

माझं म्हणणं, तिकीट काढून आत जायचं ठिकाण दिवसाला एकच असावं. बाकी चालणं, बसणं, ट्राम. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत आणि त्यातल्या चाळीसेक बघायला मिळतात. विसाव्या खोलीनंतर सगळी सोनेरी नक्षी एकसारखी दिसायला लागते, हे मी म्हैसूरला अनुभवलंय. बाग तर फुकट आहे. आत न जाता बागेतच दोन तास बसलो तर काय बिघडलं? तुम्ही काय सोडलंत आणि नंतर हळहळ वाटली का, ते सांगा.

वसूल

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. निवांत फिरणं हे 'परत येऊच की' म्हणू शकणाऱ्यांचं काम. व्हिसा, विमानाची तिकिटं, तीस हजार युरोंचं कवच असलेला विमा, चौघांच्या रजा, एवढं सगळं जमवून जायचं आणि राजवाड्याच्या दारातून परत फिरायचं?

आम्ही आई-बाबांना नेलं होतं तेव्हा मीही तुमच्यासारखाच विचार करत होतो. शॉनब्रुनला बाबा प्रत्येक खोलीत ते ऐकायचं यंत्र कानाला लावून, आकडा दाबून, शेवटपर्यंत ऐकत उभे. पुढचा आकडा दिसला की पुन्हा दाबायचे. मी कंटाळलो, ते नाही. आज बाबा नाहीत. बागेतल्या बाकावर बसवलं असतं तर त्यांचे पाय वाचले असते, बाकी काय?

आईंना विचारलंत का? की परस्पर ठरवताय?

डॅन्यूबकाठी

व्हिएन्नात अकरा वर्षं आहे, म्हणून दोघांनाही थोडं टोचून लिहायचा हक्क बजावतो.

एकच तिकीट, मान्य. पण मग ते शॉनब्रुनचंच का? पाहुणे आले की मी त्यांना कलासंग्रहालयात ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या दालनात नेतो. त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठेही एका छताखाली नाहीत. बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याचं चित्र आहे १५६३ चं. त्यात पुढ्यात दगड घडवणारे पाथरवट राजापुढे लोळण घेताहेत, आणि वरच्या मजल्यांचं काम चालू असताना खालचे अजून अर्धवटच आहेत. पुण्यातून आलेल्या माझ्या मेव्हण्याने दहा मिनिटं बघून विचारलं, "बिल्डर कोण?" आणि मुख्य म्हणजे या दालनांत मधोमध ऐसपैस सोफे आहेत. आईंना चित्रासमोर बसता येईल. राजवाड्यात रांगेबरोबर सरकत राहावं लागतं.

दुसरं, वार बघा. रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद, नाशमार्क्टचा बाजारही बंद. म्हणून गुरुवारी उतरा आणि रविवारी सकाळीच प्रागची गाडी धरा. आसनाचं आरक्षण वेगळं करावं लागतं, तेही करा. प्रागचं ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असतं, ती अडचणही यातच टळते. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यूंचं नववर्ष आणि मोठे सण येतात, तेव्हाही ते बंद ठेवतात. तारखा आधीच पाहून ठेवा.

ऑपेरा हवाच असेल तर उभ्याची तिकिटं स्वस्त मिळतात. जागा धरायला कठड्याला रुमाल बांधतात, अगदी आपल्या एसटीसारखं! पण तीन तास उभं कोण राहणार? सप्टेंबरमध्ये काही प्रयोग इमारतीबाहेर मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. फुकट, आणि बसायला खुर्च्या. शाल न्या.

वसूल

@डॅन्यूबकाठी, म्हणजे व्हिएन्नाला जाऊन ऑपेरा पडद्यावर बघायचा? मग घरचा टीव्ही काय वाईट आहे?

डॅन्यूबकाठी

घरच्या टीव्हीपाशी ऑपेरा हाऊसच्या भिंतीला टेकून आइस्क्रीम खाता येत नाही. :)

सांधेमोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त गुडघ्यांपुरतं. सगळे चढाची काळजी करतात, पण दुखऱ्या गुडघ्याला जाचतो तो उतार. प्रागच्या किल्ल्यावर २२ नंबरच्या ट्रामने जा, तिथून आत जवळजवळ सपाट आहे. मग सगळे हौसेने पायऱ्यांनी खाली येतात आणि दुसरा दिवस हॉटेलात काढतात. आईंना ट्रामनेच खाली आणा. जुन्या भागात छोट्या चौकोनी दगडांची फरसबंदी आहे, चपला आणि नवे बूट दोन्ही नकोत.

ट्रामचं कागदी तिकीट घेतलं तर यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. मी विसरले होते. तिकीट हातात असूनही दंड भरला, आणि तपासनीस इतका सभ्य होता की भांडताही आलं नाही.

चहाबाज

मला तर दोन शहरंच जास्त वाटतात. सामान बांधा, सोडा, पुन्हा बांधा. पण ते राहू दे, तुमचं ठरलंय. शाकाहारी असाल तर प्रागमध्ये तळलेलं चीज मिळतं, बटाट्याबरोबर. दोन दिवस छान लागतं, तिसऱ्या दिवशी नको होतं. घरून चिवडा, मेतकूट न्या. तूप आणि पेढे नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. प्रागला युरो नाही, कोरुना चालतो. रस्त्यात 'नोटा बदलून देतो' म्हणणाऱ्याकडे ढुंकूनही बघू नका.

नीलमोहर

यादीतलं सर्वांत फुगवलेलं ठिकाण म्हणजे ते घड्याळ. १४१० सालचं, यंत्र म्हणून थोरच. पण दर तासाला होणारा खेळ एक मिनिटही चालत नाही. सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून येशूचे प्रेषित सरकतात, कोंबडा आरवतो, संपलं. पाचशे माणसं हात वर करून फोन धरून उभी, आणि मग सगळ्यांचं एकदम "एवढंच?"

त्याऐवजी मुलाला ज्यू वस्तीतल्या पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात न्या. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर नाझींच्या तेरेझीन छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. माझी मुलगी बारा वर्षांची होती. फुलपाखरं, घरं, बिछाने, आणि खाली मुलाचं नाव व वय. ती प्रत्येक वय मोठ्याने वाचत गेली. त्या दिवशी त्यानंतर आम्ही काहीच पाहिलं नाही, बघवलंच नसतं. एक तिकीट पुरे, ते मला तिथे पटलं.

वसूल

@नीलमोहर, हे मान्य. त्यानंतर रात्रीची नदीतली बोट नकोच.

पण चार्ल्स पुलाला तिकीट नाही हो! सकाळी साडेसहाला गेलात तर तिथे पुतळे आणि पुलावर लग्नाचे फोटो काढणारी एखाद-दोन जोडपीच. नवऱ्याच्या एक्सेलला अगदीच केराची टोपली नको.

रमतगमत

सगळ्यांचे आभार. वसूल, तुमचा प्रश्न झोंबला, कारण आईला खरंच विचारलं नव्हतं. काल रात्री हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यांची वकिली तुला कोणी सांगितली?" तिला राजवाडा आतूनच बघायचाय. घड्याळ तर बघायचंच, एक मिनिट का असेना. ब्रॉयगेल "तुम्ही बघा, मी सोफ्यावर बसते". आणि तिची स्वतःची एक मागणी निघाली, जी कोणाच्याच यादीत नव्हती: बाटा. दर जूनमध्ये शाळेचे काळे बूट जिथून आणले ती कंपनी मूळची झेक, हे तिला नातवाने सांगितलं तेव्हापासून तिचा विश्वास बसत नाहीये. कंपनी सुरू झाली ते झ्लीन गाव प्रागपासून तीनेकशे किलोमीटरवर, तिथे काही जमणार नाही. पण प्रागच्या वेन्सेस्लास चौकात बाटाची १९२९ सालची काचेची इमारत आहे आणि तिथे अजून बूट मिळतात. तेव्हा सोमवार दुपार बाटाची. नवऱ्याने त्या ओळीला केशरी रंग दिलाय.

शुक्रवारी सकाळचं शॉनब्रुनचं तिकीट आता काढतेय. त्या चाळीस खोल्यांत मधे कुठे टेकायला जागा आहे का, तेवढं कोणी सांगेल का?