शब्दचर्चा : ‘ऑटोएथ्नोग्राफी’ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरची सून : समाजकार्याचा प्रबंध लिहितेय, ऑटोएथ्नोग्राफीनं, म्हणजे स्वतःचाच अनुभव तपासून समाजाचा अभ्यास करायच्या पद्धतीनं. विषय घरचाच : मधुमेहामुळे सासऱ्यांचा पाय काढावा लागला, तेव्हा घरात काय काय झालं. गोषवारा मराठीत द्यायचाय. ‘आत्मचरित्रात्मक संशोधन’ कानाला बरं वाटत नाही. शब्द सुचवा की.

शहापूरकर : ‘आपबीती’. सोपा, सुटसुटीत.

टिळकवाडी : सुटसुटीत खरा, पण आपबीती ऐकून लोक हळहळतात आणि विषय तिथंच संपतो. आत्मचरित्रात तर सगळा ‘मी’च. मानवशास्त्रज्ञ डेव्हिड हयानो यांनी १९७९ मध्ये ‘ऑटोएथ्नोग्राफी’वर लिहिलं ते आपल्याच लोकांचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांबद्दल. पुढं समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन एलिस यांनी जोडीदाराचा फुप्फुसाचा आजार आणि मृत्यू यांवर १९९५ मध्ये लिहिलं, तेही घरातलं माणूस आणि अभ्यासक अशा दोन्ही नात्यांनी. कुटुंबोपचारात (फॅमिली थेरपीत) तर घराकडे बघणारा उपचारकही त्या घराच्या व्यवस्थेचाच भाग, हा विचार १९८०च्या दशकापासून रुजला. मराठीत अनुभव ‘येतो’. आला तसा लिहिला तर ती रोजनिशी. तो उलटसुलट तपासला तरच संशोधन. म्हणून माझं मत : ‘स्वानुभवाधारित संशोधन’. लांबलचक आहे, पण फसवत नाही. पहिल्यांदा मूळ शब्दही देवनागरीत द्या.

खानापूरची सून : तपासायचा म्हणजे कसा? माझ्या वहीत एवढंच आहे : ‘डॉक्टर कन्नडात बोलले. धाकट्या दिरांनाच कळलं. थोरल्यांना सांगेपर्यंत सांज झाली. रात्री ताटं तशीच राहिली.’

टिळकवाडी : भरपूर आहे की! पैसा थोरल्याचा असणार, पण कन्नड धाकट्याला येतं. म्हणजे तेवढ्या दिवसांपुरतं घरचं कर्तेपण भाषेबरोबर सरकलं. ताटं राहिली ती पायाच्या दुःखानं की मानापमानानं? दोघांना वेगवेगळं विचारा, तुम्हाला काय वाटलं होतं तेही शेजारी लिहा. जुळलं नाही तर न जुळलेलंच ठेवा. आपल्या सीमाभागात असं घराघरात होतं, पण एका घरावरून ‘सगळीकडे असंच’ म्हणू नका.

निपाणीकर : ‘स्वानुभव’ कन्नडातही चालतो, परीक्षक तिकडचे असले तरी अडणार नाही. ‘अनुभूती’ मात्र नको. ती भजनाला बसल्यासारखी वाटते. आणि नावं बदलून भागणार नाही बरं का. मुखपृष्ठावर तुमचं नाव, आत ‘सासरे’. गावाला कळायला कितीसा वेळ?

खानापूरची सून : म्हणूनच मामंजींना वाचून दाखवलं. म्हणाले, “पायाचं लिव, उसनवारीचं नको.” गाळलं तर गाळलंय असं लिहायचं का?

टिळकवाडी : लिहायचं. काय गाळलं ते नको, घरच्यांच्या सांगण्यावरून काही गाळलंय एवढंच.