प्रोटिया बियांपासून: पेरणी कधी, धूर द्यायचा का?

हायवेल्डकर
मुक्काम जोहान्सबर्ग, उंची साधारण १,७०० मीटर. किंग प्रोटिया (प्रोटिया सायनारॉइडिस), शुगरबुश (प्रोटिया रिपेन्स) आणि पिनकुशन (ल्यूकोस्पर्मम कॉर्डिफोलियम) अशा तिन्हींच्या बिया हाताशी आहेत. ही सगळी दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाच्या केप भागातली फुलझाडं, म्हणजे हिवाळी पावसाची. आमच्याकडे हिवाळा कोरडा ठणठणीत, रात्री २ ते ५ अंश, मधूनच दंव, आणि पाऊस उन्हाळ्यात. मग पेरायचं केव्हा? धूर देणं खरंच गरजेचं आहे का? रोपं दोन पानांवर आली की बुडाशी काळी पडून आडवी होतात असं सगळीकडे वाचायला मिळतं, त्यावर उपाय काय? पुण्यातल्या भावालाही बी हवंय, तिथे जमेल का?

फिनबॉस_प्रेमी
पेरणी मार्चअखेर ते एप्रिल. या बियांना महिना कळत नाही, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कळतो. रात्री ५ ते १० आणि दिवसा १८ ते २२ अंश असं काही आठवडे मिळालं की कोंब येतो. सतत थंड ठेवलं तर बी नुसतं पडून राहतं, सतत उबदार ठेवलं तर कुजतं. जोहान्सबर्गचा एप्रिल-मे यासाठी केपपेक्षा वाईट नाही, फक्त पाणी तुम्हाला द्यावं लागेल.

आधी बी तपासा. प्रोटियाच्या वाळक्या बोंडातल्या बऱ्याच केसाळ बिया पोकळ असतात. नखाने दाबून पाहा: भरलेलं बी टणक लागतं, पोकळ चपटं होतं. पाण्यात टाकून तरंगतं की बुडतं हे बघू नका, केसांत हवा अडकते आणि चांगलं बीही तरंगतं.

धुराचं म्हणाल तर, फिनबॉसच्या (केपमधल्या झुडुपी रानाच्या) बियांना आगीच्या उष्णतेपेक्षा धुरातली रसायनं जागं करतात, हे केपमध्ये १९९० च्या सुमारास दाखवलं गेलं. किर्स्टनबॉशला (केप टाउनच्या वनस्पती उद्यानात) धूर शोषलेले कागद मिळतात. कागद थोड्या पाण्यात भिजवायचा, त्यात बी २४ तास ठेवायचं आणि लगेच पेरायचं. पण शुगरबुश धुराशिवायही बऱ्यापैकी उगवतं. तापमान चुकलं असेल तर धूर काही वाचवत नाही.

पिनकुशनचं गणित वेगळं. ते बी मुंग्या जमिनीत नेऊन पुरतात, त्याचं कवच आतपर्यंत हवा जाऊ देत नाही. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड एक भाग आणि पाणी दोन भाग करून त्यात २४ तास बुडवा. मग फडक्यावर चोळून सुटलेली साल काढा आणि पेरा.

माध्यम: जाड धुतलेली वाळू २ भाग, कोकोपीट १, पर्लाईट १. कोकोपीटमध्ये क्षार असतात, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. समुद्राची वाळू नको, मीठ आणि शिंपल्यांचा चुना दोन्ही मारक. सामू (पीएच) ५ ते ६. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. वर जाळी टाका, उंदरांना हे बी फार आवडतं. उगवण चार आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत, तीही एकदम नाही. ट्रे फेकायची घाई करू नका.

माळीबुवा_प्रिटोरिया
वरच्याला +१. हायवेल्डसाठी, म्हणजे आपल्या जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडच्या पठारासाठी, थोडी भर. उगवलेली रोपं पहिल्या हिवाळ्यात दंवापासून जपायलाच हवीत, उत्तरेकडून ऊन येणाऱ्या भिंतीशी ट्रे ठेवा. आडवी होणारी रोपं म्हणजे मर रोग: पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे बुरशी. कारण जवळजवळ नेहमी एकच, ओलं माध्यम आणि कोंडलेली हवा. पेरण्याआधी बियांना कॅप्टन या बुरशीनाशकाची हलकी पूड लावा. पाणी सकाळीच द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. ट्रेवर प्लॅस्टिक ताणून ठेवायचा सल्ला टोमॅटोला ठीक, इथे नाही.

खरी पानं (बीजपत्रांनंतरची) दोन दिसली की लगेच कुंडीत हलवा. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, उशीर झाला तर तुटतं. कुंडी उथळ नको, १५ सेंमी खोल हवी. आणि उन्हाळी पावसाचा त्रास नको असेल तर आपल्या इथल्या टेकड्यांवरची प्रोटिया काफ्रा लावा. ती सावकाश वाढते, पण दंव आणि जानेवारीचा पाऊस दोन्ही सोसते. तिचं बी मात्र झाडावर वर्षानुवर्षं साठून राहत नाही, ताजंच पेरायचं.

लीड्सची_बाग
कोणी इंग्लंडातून वाचत असेल तर: शरद ऋतूत पेरलं तर कोंब डिसेंबरच्या अंधारात येतात आणि रोपं लांबट, लुळी होतात. फेब्रुवारीअखेर ते मार्च बरा. बिनतापवलेल्या काचघरात रात्र ५ ची आणि ऊन पडलं की दुपार १८ ची आपोआप होते. फ्लॅटमध्ये असाल तर ट्रे रात्री फ्रिजमध्ये, दिवसा खिडकीत. कंटाळवाणं आहे, पण चालतं. आमच्याकडे थंडीपेक्षा ओली थंडी मारते, म्हणून झाड कायम कुंडीतच.

हायवेल्डकर
सगळ्यांचे आभार. खत काय द्यायचं? गांडूळखत घरचं आहे.

फिनबॉस_प्रेमी
नको! प्रोटियाच्या मुळांना झुपक्यासारख्या बारीक मुळ्या फुटतात, त्या गरीब जमिनीतलं स्फुरद (फॉस्फरस) ओरबाडून घेतात. भरपूर स्फुरद समोर आलं तरी झाडाला थांबता येत नाही. मग नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, पुढे टोकं करपतात आणि झाड जातं. हाडांचा चुरा, कोंबडखत, सुपर फॉस्फेट, डीएपी, गांडूळखत, सगळं बाद. रोपं कुंडीत रुळल्यावर महिन्यातून एकदा अमोनियम सल्फेट, लिटरला अर्धा ग्रॅम, पुरे. मायकोरायझाच्या (मुळांशी जोडी करणाऱ्या बुरशीच्या) पुड्यांवरही पैसे घालवू नका, या कुळाची मुळं त्या बुरशीशी जोडीच करत नाहीत.

कुंडीशास्त्र_पुणे
भावासाठी: पुण्यात उगवण ही अडचणच नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ आणि दुपारी २८-२९, फरक भरपूर. ट्रे अर्धसावलीत ठेवला की दुपारचा पाराही आटोक्यात येतो. खरी परीक्षा पुढे आहे. एप्रिलमध्ये कुंडी तापते आणि मुळं शिजतात, म्हणून कुंडी मातीची, पांढरी रंगवलेली, दुपारी हिरव्या जाळीखाली. त्यानंतर जुलै ते सप्टेंबर: ओल आणि उबदार रात्री एकत्र आल्या की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो, झाड आठवड्यात वाळतं. पावसाळाभर कुंडी छपराखाली, पण वाऱ्याच्या वाटेवर. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, ते नको, पावसाचं साठवा. काळी माती तर अजिबात नको.

महाबळेश्वरचा जांभा आम्ल आणि निचऱ्याचा आहे म्हणून अनेकांना मोह होतो, पण तिथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्यावर टिकणार नाही. याच कुळातलं बिनत्रासाचं झाड हवं असेल तर सिल्व्हर ओक आहेच, पण ते कुंडीतलं नव्हे.

आणि बी खिशात घालून आणू नका. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि निघण्याच्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोग-कीडमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर जप्त.

माळीबुवा_प्रिटोरिया
एक राहिलं: झाडाभोवती खुरपू नका, त्या झुपकेदार मुळ्या अगदी वरच्या थरात असतात. तण कापून काढा, वर पाइनच्या सालीचं आच्छादन घाला, बुंध्याला न टेकवता. शुगरबुशला तीन-चार वर्षांत फूल येतं, किंग प्रोटियाला चार-पाच.