मदत हवी आहे: ‘द फ्लॅश’ सीझन २ मधले बॅरी आणि जे गॅरिक, चौथीच्या गॅदरिंगसाठी (नाशिक)

मखमलाबादकर:
नमस्कार. चौथीतल्या दोन मुलांचे पोशाख करायचे आहेत. गॅदरिंग कालिदास कलामंदिरात, बारा दिवसांवर आलंय. प्रवेश सहा मिनिटांचा, ‘द फ्लॅश’ या सुपरहिरोच्या इंग्रजी मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागातला: दुसऱ्या पृथ्वीवरून आलेला जे गॅरिक बॅरीला, म्हणजे फ्लॅशला, वीज फेकायला शिकवतो आणि बॅरी ती सँड डेमन या वाळूच्या खलनायकावर फेकतो. बॅरीचा लाल लायक्राचा सूट शिंप्याकडून शिवून आला आहे. अडलंय ते असं:

१. छातीवरच्या विजेमागची चकती लाल की पांढरी? फोटो दोन्ही सापडतात.
२. बॅरीचा मुखवटा ५ मिमी इव्हीए फोमचा (हस्तकलेची मऊ शीट) केला, फेविकॉल एसआर या रबरी गोंदाने जोडला. टाळूवरचा जोड दुसऱ्या दिवशी उघडला. कपाळावर रंगालाही तडे गेले.
३. जेचं पंखवालं हेल्मेट कशाचं करावं? पुठ्ठ्याचं अगदीच खेळण्यातलं दिसतंय. मुलाच्या डोक्याचा घेर ५३ सेंमी आहे.

मालिका सहाव्या भागापर्यंतच पाहिली आहे. पुढचं कृपया फोडू नका.

पृथ्वीदोन:
पांढरी. लाल चकती पहिल्या सीझनची. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागापासून पांढरी आहे आणि तुमचा भाग (‘फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्स’, १३ ऑक्टोबर २०१५) त्याच्या पुढचाच. याच सीझनच्या काही फोटोंत चिन्हावर एक गोल यंत्र बसवलेलं दिसेल. ते बरंच उशिरा येतं, तुमच्या प्रवेशात नको.

चकती ९ सेंमी व्यासाची आणि वीज टोकापासून टोकापर्यंत १४ सेंमी ठेवा, म्हणजे वीज चकतीबाहेर दोन्हीकडे डोकावेल. मूळ चिन्हाचा डौल त्यातच आहे. फोम रंगवून पांढरा करू नका, २ मिमीची पांढरीच शीट घ्या. मेनरोडच्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. चिन्ह लायक्रावर थेट चिकटवू नका. कापड ताणलं जातं, फोम ताणला जात नाही, त्यामुळे हात वर केला की कडा सुटतात. शिंप्याकडून वेल्क्रोची मऊ बाजू सूटवर शिवून घ्या आणि खरखरीत बाजू चिन्हामागे चिकटवा. सूट धुतानाही सोपं पडेल.

दिवे लावणार असाल तर बॅरीला पिवळेच. निळी वीज झूम या खलनायकाची. सहावा भाग पाहिलाय म्हणजे तो फरक तुम्हाला ठाऊक आहे, आणि प्रेक्षकांतल्या मुलांनाही असणार. जेला दिवे नकोतच: या भागात त्याच्याकडे वेग नाही, तो फक्त शिकवतो.

फोमकात्री:
मुखवट्याचे दोन आजार वेगळे आहेत.

जोड उघडला कारण बहुतेक ओला असतानाच दाबला. एसआर हा लाकडाच्या पांढऱ्या फेविकॉलसारखा नाही. तो दोन्ही कडांना पातळ लावायचा आणि थांबायचं. बोट टेकवलं तर चिकट लागावं, पण बोट उचलताना तार निघू नये. मगच जोडायचं. एरवी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी वीस-पंचवीस धरा, नाहीतर दुपारी काम करा. आधी जोडलं तर आतला थिनर फोममधून बाहेर पडू शकत नाही आणि जोड आतून मऊच राहतो.

दुसरं कारण जाडी. ५ मिमी फोम सपाट शीटमधून वाकवून तसाच जोडला की रात्रभर सरळ व्हायला बघतो आणि जोड ओढत राहतो. मुलाच्या डोक्याला ३ मिमी घ्या. जोडण्याआधी तुकडे हीट गनने (गरम हवा सोडणारं यंत्र) तापवून एखाद्या गोल भांड्यावर दाबून थंड होऊ द्या; गोलाई आली की जोडावर ताण उरत नाही. ३ मिमीला चांगला हेअर ड्रायरही चालतो, वेळ जास्त लागेल. कड नव्या ब्लेडने, सरळ उभी कापा. तिरपी कापली तर जोड फक्त वरच्या काठावर टेकतो.

जुना मुखवटा दुरुस्त करत बसू नका. गोंदाची कड कापून टाकली की माप आखूड होतं.

तडे जातात ते फोमच्या बारीक भोकांमुळे. फोम रंग पितो आणि वर राहिलेला कडक थर वाकला की फुटतो. तापवताना पृष्ठभागाला किंचित चकाकी येते, तिथे थांबा, भोकं मिटली. मग कापडावर वापरायचा अ‍ॅक्रिलिक रंग, तीन पातळ हात. तो वाळल्यावरही लवचीक राहतो. रंग गडद, मरूनकडे झुकणारा घ्या. भडक लाल या सूटचा नाही.

कानावरच्या सोनेरी विजांखाली १ सेंमीचं भोक नक्की पाडा. नाहीतर मुलाला समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही आणि प्रवेश तिथेच अडतो. एसआरचं काम गॅलरीत किंवा गच्चीवर, मुलं लांब. डबा उघडा असताना हीट गन सुरू करायची नाही, ती वाफ पेट घेते.

कल्हईवाला:
हेल्मेट मात्र धातूचंच करा. नाशिकमध्ये राहून पुठ्ठा कशाला? भांडी बाजारात गोल बुडाचा अ‍ॅल्युमिनियमचा बाऊल मिळेल. पातेलं नको, सपाट बूड डोक्यावर लगेच ओळखू येतं. स्टील जड पडतं.

५३ घेर म्हणजे सरासरी १७ सेंमी व्यास, पण डोकं लांबट असतं. म्हणून बाऊल २० सेंमीचा घ्या आणि आत १ सेंमी स्पंज चिकटवा. कड दुमडलेली आहे ना, हात फिरवून बघूनच पैसे द्या.

काठाची झालर ५ मिमी फोमची, ४ सेंमी रुंद. इथे सगळे चुकतात: सपाट वर्तुळ कापून बसवलं की हॅट दिसते. झालर खाली उतरती हवी. त्यासाठी वर्तुळातून २० अंशांची फाक काढून टोकं जोडायची, की साधारण १९ अंशांचा उतार येतो. पण फाक काढल्यावर आतला घेरही घटतो. म्हणून बाऊलची बाहेरची त्रिज्या १० सेंमी असेल तर आतलं वर्तुळ १०.६ सेंमी त्रिज्येचं आखा.

पंख ५ मिमी फोमचे, १४ सेंमी लांब, तीन पिसांच्या पायऱ्या. त्यांवर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, एसीच्या पाइपांवर लावतात ती, चमच्याच्या पाठीने घासून बसवा. झालरीलाही तीच. पंख नुसते चिकटवू नका. गुळगुळीत धातूवर गोंद धरत नाही आणि पंखाला धक्का लागतोच. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने जागा खरवडा, थिनरने पुसा, एसआर लावा, वर प्रत्येक पंखाला ३ मिमीचे दोन नटबोल्ट वायसरसह. बोल्टचं डोकं आतल्या बाजूला, स्पंजखाली. हनुवटीखाली इलॅस्टिक.

मखमलाबादकर:
खूप आभार. एकच शंका: बाऊल चकचकीत ठेवू की मळकट करू?

कल्हईवाला:
चकाकी घालवा. शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने, गोल गोल नाही. आरशासारखं राहिलं तर कालिदासच्या समोरच्या दिव्यांत पंख दिसतच नाहीत, नुसता पांढरा ठिपका दिसतो.

पृथ्वीदोन:
आणि शेवटाला सँड डेमनची काच होते, ते विसरू नका. त्या मुलावर वीज पडताच मागून पारदर्शक सेलोफेन ओढून घ्या. कडक कागद घ्या, त्याचा चुरचुर आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. तोंडावर मात्र येऊ देऊ नका, खांद्यापर्यंतच.